ड्राइव्हलाइन कंपनीचा वार्षिक निकाल वाचताय? या चुका टाळा

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या रविवारच्या वर्गात निम्मी पोरं कॉमर्सची, निम्मी हिंगणा एमआयडीसीत नोकरी करणारी. कंपन्यांचे वार्षिक निकाल वाचायला शिकवतो. बॅच दर वर्षी नवी, चुका त्याच. सरावाला मी ड्राइव्हलाइनची, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे भाग बनवणारी, कंपनी देतो; वळण घेताना टकटक वाजणारा सीव्ही जॉइंट, चाकाजवळचा सांधा, सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेला असतो. नमुना ठरलेला: जीकेएन या ब्रिटिश कंपनीच्या वाहन-धंद्याची तेव्हाची मालक डाउलिस, साल २०२३.

तोटा दिसला की कंपनी बुडाली म्हणणे

त्या वर्षी डाउलिसचा ऑपरेटिंग तोटा सुमारे ४५ कोटी पाउंड होता. त्याच निकालात 'अॅडजस्टेड' नफा, म्हणजे कंपनीनं काही खर्च बाजूला ठेवून काढलेला, ३५.५ कोटी पाउंड. दोन्ही आकडे खरे, आणि घोळ इथेच सुरू होतो.

माझा एक विद्यार्थी ट्रॅक्टरचे पार्ट टर्निंग करणाऱ्या छोट्या युनिटमध्ये होता. मालकानं त्याला विचारलं, कारच्या शाफ्टच्या कामात शिरावं का, या धंद्यातले मोठे कमावतात का ते पाहून सांग. पोरानं मोबाइलवर एक बातमी उघडली, तोटा वाचला आणि अर्ध्या तासात एक पानी नोट दिली: 'जागतिक कंपन्या बुडत आहेत, शिरू नये.' मालक ती नोट घेऊन माझ्याकडे. "सर, हे खरं आहे का जी? मी तर मशीनचा अॅडव्हान्स देऊन बसलो."

कूलरसमोर बसून आम्ही अहवाल उलगडला. कंपन्या विकत घेणाऱ्या ब्रिटनच्या मेलरोजनं २०१८ मध्ये जीकेएन सुमारे ८०० कोटी पाउंडांना घेतली. मालमत्तेच्या किमतीवर जे जास्तीचे मोजले, ते पुस्तकात गुडविल म्हणून बसलं, आणि २०२३ मध्ये डाउलिस मेलरोजमधून वेगळी झाली तेव्हा त्यातला वाहन-धंद्याचा भाग सोबत आला. त्यातले ४४.९ कोटी त्या वर्षी खोडून टाकले. गल्ल्यातून त्यापायी एक छदामही गेला नाही. विकत घेतलेल्या अमूर्त, म्हणजे हाताला न लागणाऱ्या मालमत्तेची दरवर्षीची घटही तशीच, कागदावरची.

हे कळलं की दुसऱ्या टोकाचे शहाणे उठतात: मग अॅडजस्टेड तेवढा खरा! नाही बाबा. त्यातून रिस्ट्रक्चरिंगचा खर्चही बाजूला काढलेला असतो. कारखाना बंद करायचा, माणसांना पैसे द्यायचे, यात रोख जाते, आणि हा 'एकदाचा' खर्च वर्षामागून वर्ष येत राहतो. मी दर उन्हाळ्यात कूलरचं खस बदलतो. त्याला अपवादात्मक खर्च म्हणायला लागलो तर घरचे हातातून वहीच काढून घेतील.

माझी सवय सांगतो. पहिलं पान उघडतच नाही. दोन नफ्यांचा मेळ घालणारी टीप शोधतो, पेन्सिलीनं प्रत्येक ओळीपुढे 'रो' किंवा 'का' लिहितो, म्हणजे रोख की कागद. रिस्ट्रक्चरिंगची रोख मी पुन्हा खर्चात घेतो. वीस मिनिटं लागतात. ज्यांना वीस मिनिटं जड जातात त्यांनी लॉटरी घ्यावी.

अॅडजस्टेड विक्री ५४८.९ कोटी पाउंड, म्हणजे मार्जिन, विक्रीच्या शंभरामागे नफा, साडेसहा टक्के. ते ऐकून मालक म्हणाले, "साडेसहात भागवणारा माणूस माझा दर किती पिळेल, भाऊ!" हा प्रश्न त्या नोटेत यायला हवा होता.

विक्री एका ठिकाणची, नफा दुसऱ्या

विक्रीचेही दोन आकडे असतात. ५४८.९ कोटींत शांघायच्या भागीदारी कंपनीतला अर्धा वाटा धरलाय. कायदेशीर हिशेबातल्या सुमारे ४८६ कोटींत तो नाही. अॅडजस्टेड नफ्यात मात्र तो वाटा आहे; त्याला या लहान आकड्यानं भागलं की साडेसहाचे सव्वासात होतात. खुशी फुकटची.

किरकोळ, पण रोजच्या

मिलियन म्हणजे कोटी नव्हे. दहा मिलियनचा एक कोटी. हे अजून लिहावं लागतं.

डाउलिसचं २०२३ चं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्या सोना कॉमस्टारचं एप्रिल ते मार्च. शेजारी ठेवण्याआधी तारीख बघा.

डाउलिसचा माल डॉलर, युरो, युआनमध्ये विकला जायचा, हिशेब पाउंडात. पाउंड वधारला की विक्री घटल्यासारखी दिसते. स्थिर विनिमय दराची ओळ वाचा, म्हणजे दर बदललाच नाही असं धरून काढलेली.

'इलेक्ट्रिक गाडी आली, ड्राइव्हलाइन संपली.' कोण शिकवतं हे? मोटरची ताकद चाकापर्यंत न्यायला साइडशाफ्ट तिथेही लागतोच. जातो तो पुढून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट. कंपनी कशातून किती कमावते ते बघा, मग बोला.

पेन्सला पाउंड समजणे

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन अॅक्सल या अमेरिकेतल्या ड्राइव्हलाइन कंपनीनं डाउलिस घ्यायचा प्रस्ताव दिला, शेअरला ८५.२ पेन्स. शंभर पेन्सचा एक पाउंड; लंडनच्या बाजारात भाव पेन्समध्येच बोलतात. आमच्या एका हुशारानं ते पाउंड धरले आणि सौदा साडेअकरा हजार कोटी पाउंडांचा करून टाकला. खरा होता सुमारे ११६ कोटींचा. विचारलं, अरे, घेणाऱ्याची वर्षाची सगळी विक्रीच ६१० कोटी डॉलरच्या आसपास, एवढे पैसे तो आणेल कुठून?

"अॅपवर तसंच दिसतं, सर."

तेव्हापासून वर्गातले मोबाइल दाराबाहेर, चपलांशेजारच्या खोक्यात.