जुने हँडहेल्ड गेम गोळा करताय? पहिल्या अर्ध्या तासातल्या या चुका टाळा

पार्सल फोडलं, यंत्र हातात आलं, की आपण सगळे एकच गोष्ट करतो. ड्रॉवरमधून सेल काढतो, घालतो आणि स्विच सरकवतो. तीस-चाळीस वर्षं कुणी हात न लावलेल्या यंत्राशी वागायची ही सगळ्यात वाईट पद्धत. कपाटात पडून जी टिकली, ती आपल्याकडे आल्यावर अर्ध्या तासात जातात. माझ्या हातून अशी तीन गेली आहेत. म्हणून हा लेख.

निन्टेन्डोच्या गेम बॉयवाल्यांचं बरं असतं. सुटे भाग मिळतात, पडदे नवे मिळतात, प्रत्येक बिघाडावर कुणीतरी व्हिडिओ करून ठेवलेला असतो. पण या छंदाची खरी मजा बाजूला पडलेल्या यंत्रांत आहे. १९७९ ची मायक्रोव्हिजन घ्या. कार्ट्रिज बदलून वेगवेगळे गेम खेळता येणारं हे पहिलं हातातलं यंत्र. पडदा १६ बाय १६ ठिपक्यांचा, आणि प्रोसेसर यंत्रात नाहीच, तो प्रत्येक कार्ट्रिजमध्ये वेगळा. टायगरच्या गेम डॉट कॉमला १९९७ मध्येच स्टायलसने चालणारा टच पडदा होता, निन्टेन्डो डीएसच्या सात वर्षं आधी. गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांनी निन्टेन्डो सोडल्यावर ज्याच्यावर काम केलं तो बान्डाईचा वंडरस्वान १९९९ मध्ये जपानात आला, तेव्हा योकोई जाऊन दीड वर्ष झालं होतं. एका पेन्सिल सेलवर तो तीस-चाळीस तास चालतो, आणि आडवा धरून खेळता येतो तसा उभा धरूनही. ही यंत्रं बाजारात हरली, पण प्रत्येकीत एखादी अशी कल्पना आहे की हातात घेतल्यावर आपण स्वतःशीच हसतो. दुरुस्तीची माहिती मात्र यांच्याबद्दल फार कमी, त्यामुळे चुका इथेच जास्त होतात.

सेल घालण्याआधी कप्पा बघा

कप्प्याचं झाकण उघडल्यावर आत जुने सेल सापडले तर ते लगेच कचऱ्यात टाकू नका. आधी त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचा. अल्कलाइन सेल गळतो तेव्हा बाहेर येतं ते अल्कधर्मी असतं, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. त्याची पांढरी भुकटी व्हिनेगरच्या दोन-चार थेंबांनी निघते. त्याहून जुन्या कार्बन-झिंक सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथे व्हिनेगर ओतणं म्हणजे आगीत तेल. तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. दोन्ही वेळा कापसाची काडी वापरायची, धार धरायची नाही. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यायचं. हातमोजे आणि चष्मा घाला. ती भुकटी डोळ्यात गेली तर छंद राहील बाजूला.

बहुतेक लोक सेल टेकतात त्या पत्र्या चकचकीत झाल्या की थांबतात. खरी चूक तिथेच होते. गळती पत्रीपाशी थांबत नाही, ती वायरच्या आतून चढते, विशेषतः काळ्या, म्हणजे ऋण बाजूच्या वायरमधून. बाहेरचं प्लास्टिक कोरं करकरीत दिसतं, पण टोकाला अर्धा सेंटिमीटर सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलेलं असेल तर त्याला सोल्डर, म्हणजे जोडणीचा वितळवलेला धातू, चिकटणारच नाही. ती वायर बदला. मी एकदा पत्र्या घासण्यात अख्खी संध्याकाळ घालवली होती आणि दोष होता चार बोटं लांबीच्या या वायरमध्ये.

अडॅप्टरबद्दल थोडक्यात: पिन बसते म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. कुठल्या यंत्रात पिनेच्या मध्यभागी धन असतो, कुठल्यात ऋण. यंत्रावर वर्तुळाची लहान खूण छापलेली असते, ती अडॅप्टरवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. पहिली चाचणी तर सेलवरच घ्यावी हे उत्तम.

बटण सेलवर चालणाऱ्या यंत्रांत, उदाहरणार्थ निन्टेन्डोच्या गेम अँड वॉचमध्ये, स्वस्त अल्कलाइन सेल घातला की काही दिवसांत पडदा फिका पडतो आणि आपण पडद्याला दोष देतो. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल शेवटपर्यंत दीड व्होल्टच्या आसपास टिकून राहतो, अल्कलाइनचा हळूहळू उतरत जातो. चार्ज होणारे पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असतात. सेगा गेम गिअरसारख्या सहा सेलच्या यंत्रात एकूण ९ ऐवजी ७.२ व्होल्ट मिळतात. यंत्र चालतं, पण सेल संपत आल्याचा दिवा लवकर चिडतो. ते बिघाडाचं लक्षण नाही.

पडद्याचे तीन आजार, आणि एकाच औषधाचा हट्ट

आकृत्या अर्धवट दिसतात, पडदा तपकिरी पडलाय, कोपऱ्यातून काळा डाग पसरलाय. विकणारा या तिघांनाही "पडद्याला थोडा प्रॉब्लेम" म्हणतो. घेणारा तिघांसाठी एकच युक्ती करून बघतो आणि पडद्यावर अंगठा दाबतो. कृपा करून दाबू नका.

आकृत्या अर्धवट असतील तर बहुधा काच ठीक असते. काच आणि सर्किट बोर्ड यांच्या मध्ये रबराची एक बारीक पट्टी असते. भिंगातून पाहिलं तर तिच्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे दिसतात, म्हणून तिला झेब्रा स्ट्रिप म्हणतात. वीज त्या काळ्या पट्ट्यांतून जाते. पट्टीवर धूळ बसली किंवा ती किंचित सरकली की आकृत्या गायब. अल्कोहोलने पट्टी पुसायची, काचेची कड आणि बोर्डाचे सोनेरी ठिपकेही पुसायचे, आणि स्क्रू तिरके-तिरके, थोडे थोडे आवळत जायचे. एका बाजूचे स्क्रू आधी घट्ट केले तर दुसऱ्या बाजूच्या आकृत्या उडतात. बहुतेक गेम अँड वॉचवर एसीएल नावाचं टाचणीने दाबायचं बारीक बटण असतं. ते दाबून धरलं की सगळ्या आकृत्या एकदम उमटतात. खरेदीआधी विकणाऱ्याकडून एकच फोटो मागायचा असेल तर हाच मागा.

काळा डाग वेगळा. कडेपासून शाईसारखा आत सरकणारा डाग म्हणजे काचेच्या आतलं द्रवच बिघडलेलं. त्यावर इलाज नाही, काच बदलावी लागते. मायक्रोव्हिजनचे पडदे या रोगासाठी बदनाम आहेत. म्हणून अशी एखादी मिळाली आणि पडदा स्वच्छ असला तरी "आता कायमची स्वच्छ" असं समजू नका.

तपकिरी किंवा जांभळट पडदा हा तिसरा प्रकार. पडद्यावर पोलरायझरची, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश गाळून पुढे सोडणारी फिल्म चिकटवलेली असते. तिचा थर सेल्युलोज ट्रायॲसिटेटचा असतो आणि तो कुजला की ॲसिटिक आम्ल सुटतं. यंत्र उघडल्याबरोबर व्हिनेगरचा वास आला तर हेच दुखणं. जुन्या सिनेमांच्या रिळांना होतं तेच. वंडरस्वानमध्ये हा आजार फार आढळतो. फिल्म बदलता येते, आणि इथेच मी माती खाल्ली.

ब्लेड तिरपं धरून फिल्म सोलायला घेतली. ती एका तुकड्यात निघत नाही. नखाएवढ्या चिंध्या निघतात आणि खाली गोंदाचा चिकट, ढगाळ थर राहतो. तो अल्कोहोलने मऊ करून काढता काढता दोन तास गेले. काच लखलखीत झाली. नवीन फिल्म मापात कापली, चिकटवली, सेल घातले आणि पडदा पूर्ण काळा. आकृत्या उजळ, मागचं सगळं काळं. फिल्म नव्वद अंश फिरवून लावली होती. पुन्हा सोलली, पण या वेळी ब्लेड काचेच्या कडेवर अडकलं आणि जिथे झेब्रा पट्टी टेकते तिथला टवका उडाला. एक अख्खी उभी रांग कायमची गेली.

चूक एवढीच होती की क्रम उलटा केला. फिल्म चिकटवायच्या आधी यंत्र चालू करायचं, नवा तुकडा कागद न सोलता नुसता काचेवर ठेवायचा, गोल फिरवत राहायचं, आणि हवा तसा दिसला की पेन्सिलने खूण करून मगच कापायचं. पाच मिनिटांचं काम. काही जण मुद्दाम उलटी फिल्म लावून काळ्यावर पांढरं असं रूप करतात. मला ते आवडत नाही, पण निदान ते ठरवून केलेलं असतं.

कोलेकोने १९८२ मध्ये आणलेल्या लहान टेबलावरच्या आर्केड यंत्रांचा पडदा एलसीडी नसून स्वतः उजळणारी निर्वात काचेची नळी असतो. काचेच्या कोपऱ्यात आतून चंदेरी ठिपका दिसतो. तो चंदेरी असेल तर नळी जिवंत आहे. पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलेली आहे, आणि विकणाऱ्याने "फक्त सेल संपलेत" असं शपथेवर सांगितलं तरी पुढे जा.

आवाज गेला म्हणून स्पीकर बदलू नका

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं गेम गिअरच्या बाबतीत फार होतं. आवाज बारीक होत जातो, मग बंद पडतो. पडदा अंधूक दिसतो, फक्त एका कोनातून कळतो. किंवा यंत्र चालू होऊन दोन सेकंदांत बंद. लोक स्पीकर बदलतात, पडदा बदलतात. दोष असतो कपॅसिटरचा, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या भागाचा. त्या काळातले चिकटवलेले लहान कपॅसिटर गळतात आणि आतला द्रव बोर्डाचं तांबं खातो. एनईसीच्या टर्बोएक्सप्रेसचीही हीच रड. सोल्डरिंग आयर्न टेकताच खारट मासळीसारखा वास आला तर समजा की गळती झालेली आहे.

इथे माझं मत थोडं कडक आहे. आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग करताय तर गेम गिअरपासून सुरुवात करू नका. कपॅसिटर ओढून काढताना खालचा तांब्याचा ठिपका उचकटतो आणि मग ते काम नवख्याच्या हातात राहत नाही. आधी एखाद्या मेलेल्या रेडिओच्या बोर्डावर वीस-पंचवीस भाग काढून-लावून बघा. आणि यंत्र उघडं असताना चालू ठेवू नका. गेम गिअर आणि अटारी लिंक्स यांच्या पडद्यामागे फ्लोरोसंट नळी असते, तिला जास्त दाबाची वीज लागते. झटका बसतो.

कार्ट्रिज चालत नाही म्हणून तोंडाने फुंकर मारायची सवय सोडा. फुंकरीबरोबर ओलावा जातो आणि पिना गंजतात. अल्कोहोल, कापसाची काडी, काम झालं. स्क्रू तीन पाकळ्यांचे असतील तर त्याच मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. चपट्या टोकाने जबरदस्ती केली की स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग ड्रिल. मायक्रोव्हिजनच्या कार्ट्रिजच्या पिनांना तर बोटच लावू नका. कोरड्या हवेत अंगातली स्थिर वीज त्यातली चिप जाळू शकते.

निओ जिओ पॉकेट कलर प्रत्येक वेळी भाषा, तारीख आणि वेळ विचारत असेल तर ती बिघडलेली नाही. आत मोठ्या सेलशिवाय सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल असतो, तो संपलाय. तसंच सेव्ह राहत नसलेल्या गेम बॉय कार्ट्रिजचं. तिथे मात्र सेल थेट सोल्डर करू नका, तापून फुटतो. पत्र्या आधीच जोडलेला सेल मिळतो, तोच घ्या. आणि जुना काढल्या क्षणी जुनं सेव्ह जातं, हे आधी लक्षात घ्या. कुणाच्या तरी लहानपणीचा गेम त्यात असतो.

घेताना आणि ठेवताना

किंमत बघायची ती मागितलेली नाही, विकली गेलेली. "तपासलेलं नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "तपासलं, चालत नाही" असाच धरा. गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये बोर्डावर काळ्या एपॉक्सीचा गोळा दिसला तर नकलीचा संशय घ्यावा. मात्र हाच नियम ठोकळे रचायच्या ब्रिक गेमला लावू नका, तिथे काळा गोळाच असली असतो. आणि पेटीवरच्या ९९९९ गेम्सचा हिशेब करत बसू नका. मूळ गेम मोजकेच, बाकी सगळे वेग आणि पातळ्यांचे गुणाकार. संग्राहक ब्रिक गेमला नाक मुरडतात. मला कळत नाही का.

ठेवताना सेल काढून ठेवा, हे सांगायला नको. पण व्हिनेगरचा वास येणारं यंत्र बाकीच्यांबरोबर एका बंद डब्यात ठेवू नका, ती वाफ शेजाऱ्यांच्या फिल्मलाही लागते. पेटीला रबर बँड लावू नका, तो वितळून पुठ्ठ्यात मुरतो. नोकिया एन-गेजसारख्या यंत्रातली बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नका, टोचू नका, चार्ज तर मुळीच करू नका. काढून ई-कचऱ्यात द्या.

सध्या माझ्या टेबलावर एक ब्रिक गेम उघडा पडलाय. आला तेव्हा डावीकडच्या तीन रांगा दिसत नव्हत्या. सेल न घालता आधी उघडला, काळी वायर सोलून बघितली, झेब्रा पट्टी पुसली, स्क्रू तिरके आवळले. आता १० बाय २० चे सगळे चौकोन उमटतात. आवाज मात्र अजून नाही. आतल्या पितळी चकतीची एक तार सोल्डरपाशी तुटल्यासारखी वाटतेय, केसाएवढी आहे. त्यासाठी बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न मागवलं आहे.