मुंबईत सेकंडहँड सात सीटर घ्यायचीय? मग हे असं करा

गाडी नंतर बघा, आधी पार्किंग मोजा. सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायचं) असेल तर लांबी-उंचीची लिमिट सेक्रेटरीकडून नीट विचारून घ्या, कारण इनोव्हा क्रिस्टा ४७३५ मिमी लांब आणि उंचीला जवळपास १८०० मिमी, ती बऱ्याच ठिकाणी बसतच नाही. २०१८च्या शेवटी आलेली नवी अर्टिगा ४३९५ मिमी, ट्रायबर तर चार मीटरच्या आत.

मॉडेल ठरवताना स्वस्त दिसतंय म्हणून शेव्हरोलेच्या एन्जॉयवर किंवा होंडाच्या बंद झालेल्या मोबिलिओवर उडी मारू नका. शेव्हरोलेने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणंच बंद केलं, मग एखाद्या छोट्या पार्टसाठी कुर्ल्यात फेऱ्या मारत बसा. अर्टिगा थोडी महाग पडते पण पार्ट्स कुठेही मिळतात, मला तरी तीच बरी वाटते. सीएनजीवाली घेणार असाल तर मागचं झाकण उघडून बघा, सिलेंडरने डिकी खाल्लेली असते, गणपतीला कोकणात सात जणांच्या बॅगा कुठे ठेवणार? सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते, ते सर्टिफिकेट मागा, आणि किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर चढलंय का तेही बघा.

मग सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. गाडी टॅक्सी म्हणून नोंदलेली आहे का, लोनची नोंद आहे का, इन्शुरन्स, पीयूसी, सगळं तिथेच कळतं. ई-चलान वेगळी तपासा, मुंबईत प्रत्येक गाडीवर काहीतरी निघतंच. मीटरवर ४० हजार किलोमीटर आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर मीटर मागे फिरवल्याची शंका घ्या आणि मुकाट घरी या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. २९ ऑगस्ट २०१७ सारख्या दिवशी बुडालेली गाडी धुऊनपुसून पॉलिश करून विकतात, वरून काही कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत चिखलाची रेघ दिसते. सीटखालच्या रेल्सवर गंज, कार्पेटखाली ओल, एसी लावल्यावर कुबट वास, यातलं काहीही आढळलं तर मालक कितीही गोड बोलला तरी नको. स्टेपनीच्या खाचेतही हात घाला, आणि समुद्राजवळ उभी राहिलेली असेल तर खालून टॉर्च मारून बघा.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरातली पाच-सहा माणसं भरा, उंच भाच्याला मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवा आणि घोडबंदरच्या गायमुख घाटात एसी चालू ठेवून चढवा.

व्यवहार ठरला की मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा लोनचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही त्यामुळे प्रीमियम वाढतो, तो फरक भाव करतानाच कापून घ्या.