छोटा छपाई व्यवसाय: शाई निवडताना या चुका टाळा

कोकम सरबताच्या बाटल्यांची लेबलं मी पहिल्यांदा साध्या टँक प्रिंटरवर, डाय इंकमध्ये छापली होती. महिला बचत गटाची ऑर्डर. टेबलावर लेबलं सुरेख दिसत होती, लाल तर अगदी कोकमाच्या आगळासारखा उठला होता. मग बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या. बाहेर काढल्यावर काचेला दव सुटलं आणि गटाचं नाव खाली ओघळलं. ताई एक बाटली घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या बोटांना लाल रंग लागला होता.

सगळी लेबलं पदरमोड करून पुन्हा छापून दिली. तेव्हापासून ऑर्डर घेताना आधी विचारतो, की हे छापून झाल्यावर जाणार कुठे? पाणी लागेल का, उन्हात राहील का, धुतलं जाईल का, खाण्याच्या जवळ येईल का? शाई त्यानंतर ठरते.

डाय आणि पिगमेंट एकच समजणं

डाय इंकमध्ये रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदात मुरतो, फोटो पेपरवर खुलतो आणि सहसा स्वस्तही पडतो. पण पाणी लागलं की सुटतो, उन्हात विटतो. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण द्रवात तरंगत असतात आणि कागदाच्या वरच्या थरात बसतात, म्हणून ते पाण्याला आणि उन्हाला जास्त टिकतात. पण ग्लॉसी कागदावर पिगमेंट थोडी मंद दिसते, ओरखडे लवकर पडतात, आणि प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला तर नोझल चोंदायची भीती असते. रोज एखादं रंगीत पान काढत राहा.

इथे एक फसगत हमखास होते. कॅननच्या जी सिरीजमधले बरेच प्रिंटर किंवा एचपीचे स्मार्ट टँक यांत काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय असतात. आपण काळ्या अक्षरांवर पाणी टाकून बघतो, ती हलत नाहीत, आणि खुशाल रंगीत लेबलं छापतो. चाचणी प्रत्येक रंगाची घ्या. चारही रंगांचे चौकोन छापा, रात्रभर सुकू द्या, एकेक थेंब पाणी टाकून दोन मिनिटांनी टिश्यूने पुसा. लेबल असेल तर बाटलीला चिकटवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी दव आल्यावर त्यावर बोट फिरवा.

पाकिटावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला स्टिकर शीट आणला म्हणून निर्धास्त होऊ नका. शीट पाण्यात फाटत नाही, पण त्यावरची शाई टिकेलच असं नाही. लॅमिनेशन करणार असाल तर फिल्म छपाईच्या कडेपलीकडे दोन-तीन मिलिमीटर जाऊ द्या, नाहीतर कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतं.

सुती कपड्यावर सब्लिमेशन

गणपतीच्या आधी ही चूक सर्वांत जास्त होते. ढोल-ताशा पथकातली मुलं स्वतःचे टी-शर्ट घेऊन येतात, विसर्जनाला चार दिवस उरलेले असतात, आणि हीट प्रेस (उष्णतेने दाबायचं यंत्र) तर दुकानात तयार असतो. सब्लिमेशनची शाई आधी कागदावर छापतात, मग तो कागद प्रेसमध्ये कापडावर दाबला की ती १८० ते २०० अंश सेल्सिअसला वायू होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुती धागा तिला धरून ठेवत नाही. प्रेसमधून काढल्यावर रंग दिसतो खरा, पण धुतल्यावर फिका पडतो. गडद कापडावर तर ती दिसतच नाही, कारण ही शाई पारदर्शक असते आणि तिच्यात पांढरा रंग नसतो.

टी-शर्टला लेबल नसेल तर शिवणीच्या आतून एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक, काळा मणी होतो. दोन्हींची लक्षणं दिसली तर कापड मिक्स आहे, रंग अर्धवटच बसणार. सुती मालाला स्क्रीन प्रिंटिंग किंवा डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर उतरवणं) सुचवा, तुमच्याकडे नसेल तर ओळखीच्या दुकानात पाठवा. ग्राहक तुटत नाही, उलट पुढच्या वेळी विचारायला येतो.

सब्लिमेशनने छापलेला कॉफीचा मग फिका आला तर उष्णता, वेळ किंवा दाब कमी पडला. रंग करपट, पसरलेला दिसला तर उष्णता किंवा वेळ जास्त झाला. दुहेरी सावली आली तर कागद गरम असताना सरकला. पावसाळ्यात डाग पडले तर आधी कागदातला, कापडातला दमटपणा घालवा. छापलेल्या कागदावर रंग मळकट दिसतात म्हणून फाईलमध्ये फेरफार करू नका, दाबल्यावर ते उठतात. आणि ही शाई कॅनन-एचपीच्या टँकमध्ये ओतू नका: त्यांची हेड उष्णतेने शाई फेकतात. वेगळा एप्सन ठेवा, तोही फक्त सब्लिमेशनसाठी.

स्क्रीनची शाई हाताला सुकली म्हणजे पिकली असं मानणं

प्लास्टिसॉल ही कपड्यांवरच्या स्क्रीन प्रिंटिंगची शाई पूर्ण जाडीत साधारण १६० अंशांपर्यंत तापली तरच पक्की होते. हेअर ड्रायरने वरची साय धरते, आणि धुतल्यावर अक्षरांना भेगा पडतात. छपाई ताणून बघा. तडकली तर क्युरिंग, म्हणजे शाई पिकणं, कच्चं आहे. नॉन-वोव्हन पिशव्यांवर ही शाई नकोच, कारण पिशवीचं पॉलिप्रॉपिलिन त्याच तापमानाच्या आसपास वितळतं. त्यासाठीची वेगळी शाई मागा. एक पिशवी छापून, पूर्ण वाळवून, सेलोटेप चिकटवा आणि झटक्यात ओढा. रंग टेपवर आला तर ऑर्डर सुरू करू नका.

टँकमध्ये दोन कंपन्यांच्या शाया मिसळणं

रंग बदलतो, कधी गाळ धरतो. लेटरहेडची दुसरी खेप पहिल्यापेक्षा वेगळी दिसली की ग्राहकाला लगेच कळतं. प्रत्येक कामाचा एक नमुना मागे शाई, कागद आणि तारीख लिहून फाईलला लावा.

मिठाईच्या बॉक्सला मिळेल ती शाई

याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरची शाई आयएस १५४९५ या मानकाला धरून असावी लागते, आणि छापलेली बाजू पदार्थाला थेट लागता कामा नये. लहान मुलं तो पेढा खातात. शाई देणाऱ्याकडून मानकाचा उल्लेख असलेलं पत्र घ्या, तोंडी ‘चालतं हो’ पुरत नाही. कुणी बॉक्सच्या आतल्या बाजूला नाव छापून मागितलं तर नकार द्या, आणि नाव झाकणाच्या बाहेर ठळक करून दाखवा. बहुतेक हलवाई लगेच तयार होतात.