व्यायलेल्या गायीचा खुराक कोठीपोटाच्या भिंतीच्या बेतानं वाढवा

गाय व्यायली की खुराक (धान्य-पेंडीचं खाद्य) किती द्यायचा, याचा हिशेब बहुतेकजण दुधावर लावतात. तो चूक नाही, पण पहिल्या महिन्यात अडचण वेगळीच असते: खुराक आंबून जे ॲसिड तयार होतं, ते शोषून घ्यायला कोठीपोटाची (गायीच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटाची) भिंत अजून तयार झालेली नसते.

कोठीपोटात चारा आंबतो आणि मुख्यतः तीन आम्लं निघतात: ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. वैरण भरपूर असेल तर प्रमाण साधारण 65:20:15. धान्य वाढलं की ॲसिटिकचा वाटा घटतो, प्रोपिओनिकचा वाढतो. गायीची सुमारे 70 टक्के ऊर्जा यातूनच येते. ही आम्लं आतड्यापर्यंत पोचायची वाट बघत नाहीत. बहुतांश कोठीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात उतरतात, उरलेली बरीचशी पडदेपोटात (गायीच्या तिसऱ्या पोटात).

भिंतीवर बोटांसारखे अंकुर असतात. चांगले वाढले तर सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही लांब. आम्ल त्यात दोन वाटांनी शिरतं. न विघटित झालेला, म्हणजे अखंड राहिलेला रेणू पेशीच्या पडद्यातून सरळ पार होतो. पण पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) 6.8 असताना असे रेणू जेमतेम 1 टक्का असतात, 5.8 ला सुमारे 9 टक्के. बाकीचा विघटित भाग वाहक प्रथिनांमार्फत आत जातो आणि त्याच्या बदल्यात बायकार्बोनेट कोठीपोटात येतं. बायकार्बोनेट म्हणजे खाण्याच्या सोड्यातला आम्ल मारणारा भाग. म्हणजे शोषण चांगलं चाललं की आम्ल कमी होतं आणि वर सोडाही मिळतो. लाळेइतकंच हे कामाचं आहे, तरी बोललं जातं ते फक्त लाळेबद्दल.

पुढे वाटा फुटतात. ब्युटिरिकचा बराच भाग भिंतीच्या पेशीच वापरतात आणि तो बीएचबी (एक किटोन पदार्थ) होऊन रक्तात जातो. प्रोपिओनिक यकृत जवळपास सगळं उचलतं आणि त्याचं ग्लुकोज करतं. दुधातली साखर त्यातूनच होते. ॲसिटिक यकृत ओलांडून कासेपर्यंत जातं आणि दुधातल्या फॅटला लागतं.

भाकड काळात (दूध आटवल्यापासून विण्यापर्यंत) खुराक कमी असल्यानं अंकुर आखडतात. ते पुन्हा वाढायला 4 ते 6 आठवडे लागतात. पिष्ट आंबवणारे जिवाणू मात्र काही दिवसांतच वाढतात. ॲसिड बनवणारे पुढे, शोषणारे मागे: ॲसिडोसिस (कोठीपोटात आम्ल साचणं) होतो तो याच फटीत.

म्हणून विण्याच्या 3 आठवडे आधी रोज अर्धा-एक किलो खुराकानं सुरुवात करा आणि विण्यापर्यंत 2 ते 3 किलोवर आणा. व्यायल्यावर रोज पाव किलोपेक्षा जास्त वाढवू नका. एका वेळी 2 ते अडीच किलोच्या वर देऊ नका. जास्त लागत असेल तर वेळा वाढवा. आधी वैरण, मग खुराक. धान्य भरडावं, पीठ करू नये. कुट्टी 2 ते 4 सेंटिमीटरची ठेवा: फार बारीक केली तर रवंथ कमी होतो, फार लांब राहिली तर गाय ती बाजूला सारून नुसता खुराक वेचते.

खायला घातल्यावर दोन-तीन तासांनी गोठ्यात फेरी मारा. बसलेल्या गायींपैकी निम्म्या तरी रवंथ करताना दिसायला हव्यात, आणि एका घासाला 50 ते 60 चावे. शेण पातळ, फेसाळ, त्यात धान्याचे दाणे किंवा चिकट शेंबडासारखे पडदे दिसले तर खुराक तिथेच थांबवा. फॅट अचानक उतरली तर दोष एकट्या ॲसिटिकला देऊ नका. पीएच घसरला की खाद्यातल्या तेलापासून कोठीपोटात वेगळी ट्रान्स मेदाम्लं तयार होतात आणि कासेत फॅट बनणंच दबतं. तेलबिया किंवा तेल घातलं असेल तर आधी ते कमी करा.

खाणाऱ्या गायीला रोज 150 ते 200 ग्रॅम खाण्याचा सोडा खुराकात मिसळता येतो. त्यानं पीएच सावरतो, पण अंकुर वाढवायचं काम सोडा करत नाही. विण्याआधी मात्र सोडा नकोच. त्यातल्या सोडियममुळे मिल्क फीव्हरचा (विण्याच्या सुमारास रक्तातलं कॅल्शियम घटण्याचा) धोका वाढतो.

कुजकट वासाचा मुरघास ताज्या व्यायलेल्या गायीला देऊ नका. त्यात ब्युटिरिक जास्त असतं, त्याचं बीएचबी होतं आणि किटोसिसला (रक्तात किटोन साचण्याच्या आजाराला) आयतं निमित्त मिळतं. रक्तात बीएचबी 1.2 मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेलं तर उपचार सुरू करावेत.

ताप वा दुखण्यानं गाय दोन-चार दिवस नीट खात नसेल, तर भिंतीची शोषण्याची ताकदही घटते. बरी झाल्याबरोबर जुना खुराक पुढे ठेवणं, ही नेहमीची चूक. आधी सुकं गवत, मग निम्मा खुराक, आणि आठ-पंधरा दिवसांत पूर्ववत.

गाय सुटून धान्याच्या पोत्यावर तुटून पडली, तर गोष्ट वेगळी. तिथे लॅक्टिक आम्ल होतं. ते या तिघांपेक्षा सुमारे दहापट तीव्र, आणि शोषलंही हळू जातं. सोड्यावर भागवत बसू नका. उरलेलं धान्य लगेच उचला, सुकं गवत समोर टाका आणि किती खाल्लं असेल याचा अंदाज घेऊन पशुवैद्याला बोलवा.