चेनसॉ रुसली की आधी स्क्रू पिळू नका: नेहमीच्या चुका आणि पार्टची मापं

“अठरा इंची बार आहे, कुठली चेन घेऊ?” हा प्रश्न ऐकून माझे कान किटले आहेत. अठरा इंच ही बारची, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते त्या पट्टीची लांबी झाली. चेनला तीन वेगळी मापं लागतात: पिच (कड्यांमधलं अंतर, इंचात), गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत उतरणाऱ्या कड्यांची संख्या. एका अठरा इंची बारवर ३/८ लो प्रोफाइलची ६२ लिंकची चेन बसते, तर दुसऱ्या अठरा इंची बारवर .३२५ ची ७२ लिंकची. तिन्हींतलं एक जरी चुकलं तरी नवी चेन खिळ्याला टांगून ठेवायची.

मापं काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पिचसाठी चेनचे सलग तीन रिव्हेट धरा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि दोनाने भागा. भागायचाही कंटाळा असेल तर हे लक्षात ठेवा: न भागता व्हर्निअरवर १९ मिलिमीटर आलं तर ३/८, साडेसोळा आलं तर .३२५. गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकच्या खाचेत उतरणाऱ्या जिभेची जाडी. ती १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते. लिंक मोजताना सुरुवातीच्या लिंकवर मार्करची खूण करा, नाहीतर साठीच्या पुढे गेल्यावर हमखास गोंधळ होतो. बऱ्याच बारच्या शेपटाकडे ही मापं कोरलेली असतात, पण तेल आणि भुश्याच्या थराखाली. पेट्रोलच्या बोळ्याने पुसलं की दिसतात. पुसायचे कष्ट कोणी घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

गेजचा धडा मी स्वतःच्या मूर्खपणातून घेतलाय. माझ्याकडे दोन करवती होत्या, दोन्ही .३२५, दोन्ही ७२ लिंकच्या. एकीची चेन १.३ ची, दुसरीची १.५ ची. घाईत १.३ ची चेन १.५ च्या बारवर चढवली. व्यवस्थित बसली, ताणली गेली, फिरली. पण कापायला लागलो की काप उजवीकडे वळायचा. ओंडक्यात अर्ध्यावर गेलो की बार अडकायचा. मला वाटलं दाते एका बाजूचे बोथट आहेत. उजवे घासले, मग डावे घासले, मग परत उजवे. दोन दिवस कानस चालवून चांगल्या चेनचे निम्मे दाते संपवले. शेवटी वैतागून बारवरची चेन बोटांनी आडवी हलवली तर ती खाचेत पोराच्या पडायला आलेल्या दातासारखी डुलत होती. पातळ जीभ रुंद खाचेत कलंडते आणि काप तिच्यामागे वाकतो. तेव्हापासून माझी सवय अशी: काप वाकडा गेला की कानस उचलण्याआधी चेन आडवी हलवून बघायची. गेज बरोबर असूनही डुलत असेल तर बारची खाच झिजलीय. मग बार बदला.

लो प्रोफाइल ३/८ आणि साधी ३/८ यांना भावंडं समजू नका. आकडा तोच, बांधणी वेगळी, कानसही वेगळी: लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची, .३२५ ला ४.८ ची, साध्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ ची. पिच बदललं तर स्प्रॉकेटही (इंजिनाकडचं चेन फिरवणारं दातेरी चाक) बदलावं लागतं, आणि बारच्या टोकाला चाक असेल तर तेही त्याच पिचचं हवं. स्प्रॉकेट मी दर दोन चेनमागे बदलतो. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणं म्हणजे चेन वाया घालवणं.

आता दुसरं दुखणं: कार्ब्युरेटर आणि त्याचे स्क्रू.

मशीन जरा कुरकुरली की नवशिक्याचा हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. का जातो, देव जाणे. काल व्यवस्थित चाललेली करवत आज चालत नसेल, तर रात्रीत स्क्रू आपणहून फिरलेले नसतात. एका मित्राची करवत माझ्याकडे आली तेव्हा तिची रेस चढत नव्हती. “अरे, ताकदच राहिली नाही. मी एच थोडा आत घेतला, मग जरा बरी वाटली,” म्हणाला. एच म्हणजे चढ्या रेसला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा स्क्रू. बरी वाटणारच. एच स्क्रू आत गेला की पेट्रोल कमी होतं, आवाज टिपेला जातो आणि माणसाला वाटतं ताकद आली. पण टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, कारण तेल पेट्रोलमधूनच येतं. मी सायलेन्सर खोलून आत बॅटरी मारली. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे, नखाला लागतील इतके खोल.

आणि मूळ कारण? सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवायला बारीक जाळी असते. ती कार्बनने गच्च भरली होती. तारेच्या ब्रशने पाच मिनिटांत साफ झाली. कार्बन का साठला, तर साहेब “इंजिनला बरं” म्हणून दर लिटरमागे अंदाजाने तेल जास्त ओतत होते. पेट्रोल-तेलाचं प्रमाण ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर तेल, पाच लिटरला १००. मापाचं भांडं ठेवा. मॅन्युअलमध्ये २५:१ लिहिलं असेल तर ४०, पण अंदाजपंचे काही नाही.

गोष्ट तिथे संपली नाही. पिस्टन मागवताना त्याने करवतीच्या अंगावरचं नाव सांगितलं आणि आला तो एक मिलिमीटर मोठा, सिलिंडरमध्ये शिरेना. असं सहज होतं. स्टील (Stihl) कंपनीच्या एमएस १७० आणि एमएस १८० या करवती शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत, पण एकीचा पिस्टन ३७ मिलिमीटरचा, दुसरीचा ३८ चा. त्यांच्या पार्ट नंबरची सुरुवात दोन्हीकडे ११३० अशीच होते, म्हणून पहिले चार आकडे जुळले की झालं असं समजू नका, पूर्ण नंबर जुळवा. पिस्टन मागवायचा तर जुना मोजा, पिनचा व्यास मोजा, रिंगची जाडी मोजा. कार्ब्युरेटरचा पडदा कडक झाला असेल तर किट मागवताना करवतीचं मॉडेल सांगू नका, कार्ब्युरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर सांगा. एकाच मॉडेलवर कधी वॉलब्रो कंपनीचा असतो, कधी झामाचा. एकाचं किट दुसऱ्याला लागत नाही.

माझा क्रम ठरलेला आहे. ताजं पेट्रोल, एअर फिल्टर, प्लग (गॅप ०.५ मिलिमीटर), टाकीतला फिल्टर, सायलेन्सरची जाळी. हे सगळं बघून झाल्याशिवाय स्क्रूला हात नाही. महिन्यापेक्षा जुनं पेट्रोल-तेलाचं मिक्स मी करवतीत घालत नाही. इथेनॉलवालं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि रबरी नळ्या खराब करतं. वीस मिनिटं छान चालून बंद पडते, टाकीचं झाकण उघडलं की ‘फुस्स’ होतं आणि परत चालू होते? टाकीचा व्हेंट (हवा आत घेणारं भोक) तुंबलाय. यासाठी लोकांनी अख्खे कार्ब्युरेटर बदललेले मी पाहिलेत.

बाकीच्या चुका पटापट सांगतो, कारण त्यांच्यावर बोलण्यासारखं फार नाही. चेन उलटी चढवणं: बारच्या वरच्या बाजूला दात्यांची धार टोकाकडे बघणारी हवी. ज्या करवतींचा ब्रेक कव्हरमध्येच असतो, त्यांचं कव्हर ब्रेक लावलेला असताना काढणं: मग ते परत बसत नाही आणि लोक हातोडी घेतात. गरम चेन ताणून तशीच ठेवणं: थंड झाल्यावर ती आकसते आणि क्रँकवर ताण येतो, म्हणून काम संपलं की सैल करा. चेनला गाडीचं जळकं ऑइल घालणं: याला मी कंजूषपणा म्हणतो. ते चेनवर टिकत नाही आणि त्यातला धातूचा चुरा पंप खातो. तेल येतंय का हे बघायला बारचं टोक ताज्या कापलेल्या पांढऱ्या लाकडासमोर धरून रेस द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे.

क्लच काढताना बहुतेक करवतींवर आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी सोडा, पण पिस्टन वर चढून पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) झाकल्यावरच, नाहीतर दोरी पोर्टच्या कडेत सापडून तुटते आणि मग तुकडे काढत बसा. आणि जुना पार्ट, तो कितीही फुटका असो, नवा बसून एक टाकी पेट्रोल जळेपर्यंत फेकू नका. माझ्याकडे एक डबा भरून आहेत. मागच्याच आठवड्यात त्यातल्या एका तुटक्या ऑइल पंपावरचा नंबर कामाला आला.