शूटिंगच्या जागा बघायला निघण्याआधी

सगळ्यात आधी सीन. गाडी, हॉटेल, खाऊ नंतर. ज्या जागेसाठी निघालात तिचा सिनेमातला सीन घरी पुन्हा लावा, चार-पाच ठिकाणी थांबवा, स्क्रीनशॉट काढा आणि ते फोनच्या गॅलरीत ठेवा. लिंक सेव्ह करून भागत नाही. "तिथे गेल्यावर यूट्यूबवर लावू" हे तर मनातसुद्धा आणू नका. गेल्या खेपेला आमचं नेमकं हेच राहिलं. आपट्याच्या फलाटावर रेंज येईना, सीन कुठल्या टोकाला झाला यावर घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं, आणि तेवढ्यात परतीची गाडी आलीसुद्धा. पोरं हिरमुसली ती हिरमुसलीच.

स्क्रीनशॉट कसला काढायचा तेही सांगते. हिरो-हिरॉइनचे चेहरे नकोत, त्यांच्या मागे काय दिसतं ते हवं. रंग बदलतो, पाट्या बदलतात, टपऱ्या येतात-जातात. डोंगराची कड, देवळाचा कळस आणि पायऱ्यांचं वळण तसंच राहतं. अशा दोन गोष्टी एका फ्रेममध्ये सापडल्या की फोन हातात धरून पुढे-मागे सरकायचं. त्या दोन्ही स्क्रीनवर दिसतात तशा एकमेकींशेजारी आल्या की तुम्ही कॅमेऱ्याच्या जागेवर आलात. सावल्याही बघा. लांब सावल्या असतील आणि तुम्ही भर दुपारी पोचलात, तर जागा तीच असूनही ओळखू येत नाही. आणि घराच्या आतला भाग शोधत बसू नका, तो बहुतेक वेळा सेटवर वेगळा उभारलेला असतो.

ठाणेकरांनी सुरुवात आपट्यापासूनच करावी. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (1995) मधलं शेवटचं स्टेशन गोष्टीत पंजाबात आहे, चित्रण मात्र आपल्या रायगडातल्या आपट्याचं. दिव्याहून रोह्याकडे जाणारी गाडी पकडायची. पनवेल, सोमाटणे, रसायनी आणि मग आपटा. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत, लोकलची सवय इथे घात करते. परतीची वेळ आदल्या दिवशी बघून कागदावर लिहा आणि उतरल्या उतरल्या परतीचं तिकीट काढा. पनवेल-रोहा मार्गावर आता विजेच्या तारा आहेत, सिनेमात नव्हत्या. म्हणून वरचं आभाळ जुळवत बसू नका, खालचं जुळवा. (स्क्रीनशॉट असेल तरच जुळवाल!) धावत्या गाडीबरोबर पळायचं नाही, दारात लोंबकळायचं नाही, रुळांत उतरायचं नाही. घरातल्या कॉलेजातल्या मुलांना हे निघायच्या आधी बजावा. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली रुळांत घुसल्याबद्दल 6 महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंड ही लहान गोष्ट आहे, त्या मार्गावरून कोकणातल्या लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता सुसाट जातात. हात पुढे केलेला फोटो रिकाम्या फलाटावर, पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहून काढा. चांगला येतो.

दुसरी फेरी वाईची. ‘स्वदेस’ (2004) मधलं चरणपूर म्हणजे वाईपासून 3 किलोमीटरवरची मेणवली. ठाण्याहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, खंबाटकी उतरलं की सुरूर फाट्याला वळायचं. एका दिवसात जाऊन-येऊन करू नका, म्हातारी माणसं बरोबर असतील तर अजिबातच नको. वरच्या अंगाला धोम धरण आहे. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं की घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडतात, मग सिनेमातला घाट दिसणार कुठून? थंडीत जा. चप्पल घसरते, बूट घाला. नाना फडणवीसांचा वाडा बघायचा तर आधी विचारून आत जा, उगाच दारं ढकलू नका. घाटावरच्या छोट्या देवळातली घंटा मात्र जवळ जाऊन बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकी ही एक. आमच्या मुलांना सिनेमापेक्षा तीच जास्त लक्षात राहिली. आणि हो, मेणवलीसाठी वेगळे स्क्रीनशॉट. आपट्याचे तिथे कामाचे नाहीत, हे सांगावं लागतं कारण माणसं एकाच जागेचे काढतात आणि तयारी झाली म्हणतात. प्रत्येक जागेचे वेगळे काढा.

पसरणी घाट चढलं की पाचगणी. ‘तारे जमीन पर’ (2007) इथल्या न्यू एरा हायस्कूलमध्ये चित्रित झाला. ती चालू शाळा आहे, तिथे मुलं शिकतात. फाटकाबाहेरून बघा आणि पुढे चला. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, रखवालदाराशी हुज्जत घालायची नाही. आत जायचंच असेल तर आधी शाळेला रीतसर विचारा. नाही म्हणाले तर नाही.

घोडबंदर रोडवर मालिकांची शूटिंग चालतात म्हणून पाहुण्यांना तिकडे नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. ओळखीशिवाय आत सोडत नाहीत, आणि मालिका संपली की सेट मोडतात. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर गेटवर उभं राहून तुमचीच पंचाईत.

बाकी नेहमीचंच. पाणी, टोपी, गाडी लागणाऱ्याची गोळी, पॉवर बँक, फास्टॅगमध्ये पैसे. ड्रोन घरी ठेवा. रविवारी जेवण उरकून लगेच वाई सोडा, संध्याकाळी एक्सप्रेसवेवर अडकाल. आणि निघायच्या आदल्या रात्री फोन फ्लाइट मोडवर टाकून स्क्रीनशॉट उघडतात का ते बघा. दोघांच्या फोनमध्ये ठेवा, एकाची बॅटरी जातेच.