टॅलीत 'डिलीट?' विचारलं की एन्टर मारण्याआधी

टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट+डी दाबलं की 'डिलीट? यस ऑर नो' एवढीच छोटी चौकट येते. वाय दाबलं की एन्ट्री गेली. रिसायकल बिन नाही, अनडू नाही. परत हवी असेल तर जुना बॅकअप रिस्टोर करायचा आणि त्यानंतरच्या सगळ्या एन्ट्र्या पुन्हा मारायच्या. म्हणून काहीही उडवण्याआधी ऑल्ट+वाय दाबून डेटा मेनूतून बॅकअप घ्या.

पार्टीच्या हातात गेलेलं सेल्स बिल कधीही डिलीट करू नका. ते उघडून ऑल्ट+एक्स दाबा. रक्कम खात्यातून निघते, पण नंबर जागेवर राहतो आणि डे बुकात 'कॅन्सल्ड' दिसतं. कारण नॅरेशनमध्ये लिहून ठेवा. जीएसटी नियम ४६ नुसार बिलांचे नंबर सलग लागतात, आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नच्या तक्ता १३ मध्ये किती बिलं काढली, किती रद्द केली, हे द्यावं लागतं. तिथे कॅन्सल केलेलं बिल दाखवता येतं, उडवलेल्याचा हिशेब लागत नाही.

खरा घोळ नंबरिंगमध्ये होतो. व्हाउचर टाइपला (म्हणजे सेल्ससारख्या एन्ट्रीच्या प्रकाराला) ऑटोमॅटिक नंबरिंग आणि 'रीनंबर व्हाउचर्स' असेल, तर १०७ नंबरचं बिल उडवताच १०८ चं १०७ होतं आणि पुढची सगळी सरकतात. पार्टीकडच्या छापील बिलावर १०८, तुमच्या वहीत १०७. रिटर्न आधीच भरलं असेल तर मग एकेक बिल जुळवत बसा. रिलीज ३.० पासून तिथे 'रिटेन ओरिजिनल व्हाउचर नंबर' हा पर्याय आहे, तोच ठेवा.

ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) असेल तर त्याचा आयआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, पोर्टलवरही रद्द झाला का, ते बघा. त्याला मुदत २४ तासांची. ती टळली की क्रेडिट नोट काढायची. रद्द झालेल्या बिलाचा नंबर पुन्हा वापरता येत नाही.

लेजरचं, म्हणजे खात्याचं, उलटं असतं. एकाही व्हाउचरमध्ये ते वापरलेलं असेल तर टॅली उडवूच देत नाही. 'पण यात तर एकही एन्ट्री नाही' असं वाटतं, कारण चालू वर्षाचाच पीरियड समोर असतो. लेजर उघडून ऑल्ट+एफ२ ने पीरियड कंपनीच्या पहिल्या वर्षापासूनचा करा. तरी काही सापडलं नाही, तर एक्सेप्शन रिपोर्ट्समध्ये ऑप्शनल आणि मेमोरँडम (हिशेबात न धरलेली) व्हाउचर्स बघा. ती लेजरच्या बाकीत येत नाहीत. एकाच पार्टीची दोन लेजर झाली असतील, तर प्रत्येक व्हाउचरवर एन्टर मारून योग्य लेजर निवडा, कंट्रोल+ए ने सेव्ह करा, आणि रिकामं झालेलं लेजर अल्टरमध्ये जाऊन ऑल्ट+डी ने काढा. मात्र रिटर्न भरलेल्या किंवा ऑडिट झालेल्या काळातल्या एन्ट्र्या सीएंना विचारल्याशिवाय हलवू नका. अशा वेळी जुन्या लेजरच्या नावापुढे 'वापरू नये' लिहून ते तसंच ठेवलेलं बरं.

रिपोर्टमध्ये कंट्रोल+आर दाबून ओळ गायब झाली तर घाबरू नका. ती फक्त लपलेली असते, ऑल्ट+यू ने परत येते.

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची नोंद) असलेलंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. त्यासाठीच्या टॅलीच्या एडिट लॉग आवृत्तीत डिलीट केलेल्या व्हाउचरचीही नोंद राहते, आणि लॉग बंद करता येत नाही. तेव्हा प्रत्येकाला वेगळा युजर द्या, आणि डिलीटचा अधिकार एका जबाबदार माणसाकडेच ठेवा.